शांत हिरवं बेट हवंय नं, मग नीलवर चार रात्री एकाच जागी राहा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. तुम्ही दोघं, सोबत सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात, सगळे शाकाहारी, निघायचं इंदूरहून, हातात सहा रात्री, आणि हवंय काय तर एक शांत हिरवंगार बेट जिथे नुसतं पडून राहता येईल. एजंटनी तुम्हाला अंदमानचं पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, एलिफंट बीच, नील, बाराटांग असं सगळं कोंबलेलं पॅकेज दिलंय आणि तुम्ही विचारताय की हेच घेऊ, की लक्षद्वीप बरं, की सरळ मॉरिशस करून टाकू. मी इंदूरहूनच फॅमिली लोकांच्या अंदमानच्या ट्रिपा लावून देते, बरीच वर्षं हेच काम आहे, रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर सगळीकडची मंडळी पाठवलीत आणि स्वतःही जाऊन राहिलेय, म्हणून जरा मोठं लिहितेय.

ते पॅकेज घेऊ नका. पोहोचाल ती एक रात्र पोर्ट ब्लेअर, मग चार रात्री नील, एकाच हॉटेलात, एकाच खोलीत, आणि परतीच्या आदली रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअर. बस. हॅवलॉक यावेळी सोडा. हे सांगितलं की लोक दचकतात, एवढं लांब जाऊन हॅवलॉक नाही करायचं, राधानगर बीच नाही बघायचा, शेजारचे काय म्हणतील. राधानगर फार सुंदर आहे, त्यात वादच नाही, पण तुम्ही बीच बघायला निघाला नाहीत, आराम करायला निघालात, आणि दोन्ही एका आठवड्यात बसवायला गेलं की आरामच कापला जातो.

कसा कापला जातो ते बघा. बेट बदलायचं म्हणजे सकाळी उठून बॅगा भरा, खोली सोडा, बोटीच्या तासभर आधी जेट्टीवर हजर व्हा, सामान स्कॅन करा, ओळखपत्र दाखवा, बोटीत बसा, उतरून टॅक्सी शोधा, नव्या हॉटेलात खोली मिळायला दुपारचा एक वाजतो. जेवण होऊन जरा पाठ टेकली की तीन. आणि इथे इंदूरच्या माणसाला हमखास न सुचणारी गोष्ट येते, ती म्हणजे तिकडे सूर्य लवकर मावळतो. घड्याळ आपलंच आहे पण अंदमान आपल्यापेक्षा जवळजवळ १७ रेखांश पूर्वेला, म्हणजे सूर्याच्या हिशोबानं तासाभराहून जास्त पुढे. फेब्रुवारीच्या मध्यात इंदूरला सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सव्वासहानंतर मावळतो, तिकडे पावणेसहाच्या आत उगवतो आणि साडेपाचच्या आत गेलेलासुद्धा असतो. सहाला अंधार. म्हणजे बेट बदलायच्या दिवशी तुमच्या वाट्याला फार तर दोन-अडीच तास उजेड येतो. त्या पॅकेजमधल्या सहा दिवसांपैकी किती दिवस बेट बदलण्यात जातायत ते कागदावर मोजून बघा, मग मी काय म्हणतेय ते लगेच दिसेल.

म्हणून तिकडे गेलं की आपलं टाइमटेबल मोडायचं. सराफ्यात रात्री साडेअकराला जिलेबी खायची सवय असलेल्यांना पहिला दिवस जड जातो हे खरं, पण रात्री साडेनऊला झोपा आणि पाचला उठा, दुसऱ्याच दिवशी अंगात फरक जाणवतो. पहाटे पाच ते नऊ हेच नीलचे सोन्याचे तास.

आता नीलच का. सरकारी नाव शहीद द्वीप, हॅवलॉकचं स्वराज द्वीप, ही नावं डिसेंबर २०१८ मध्ये बदलली, आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. तिकिटावर ही नवी नावं दिसली तर गोंधळू नका, टॅक्सीवाले अजून जुनीच बोलतात. नील लहान आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाचेक किलोमीटर, बऱ्यापैकी सपाट, मधोमध शेतं आणि केळी-सुपारीच्या बागा. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारनी इथे जमिनी दिल्या, त्यांचीच मुलं-नातवंडं आज इथे राहतात, शेती करतात, भाजीपाला इथून पोर्ट ब्लेअरला जातो. बीचेसची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर. तुमच्या सासूबाईंना हे ऐकूनच बरं वाटेल.

नीलवर बहुतेक पॅकेजवाले एक रात्र राहतात किंवा नुसते दिवसाचे येतात. सकाळच्या बोटी लागल्या की घोळका भरतपूरला, तिथून नॅचरल ब्रिजला म्हणजे खडकाच्या कमानीला, तिथून जेवायला, आणि दुपारच्या बोटीनं परत. त्या चार-पाच तासांत तुम्ही खोलीच्या ओसरीत झोपा, पुस्तक वाचा, जेवा. बोटी गेल्या की बेट पुन्हा त्याच्या चालीवर येतं. संध्याकाळी चारनंतर बाजारात चक्कर मारा, छोटासा चौक आहे, चार-दोन भाजीवाले, एक-दोन चहाच्या टपऱ्या, सिंघाडा म्हणून आपला समोसाच मिळतो फक्त आकारानं लहान, बटाट्याच्या फोडी सालासकट आणि आत शेंगदाणे. बाया खाली पोतं पसरून बसतात, समोर पडवळ, कारली, लाल माठ, हिरवी-पिवळी केळी, शहाळी. त्यांच्याशी हिंदीत बोला, बंगाली वळणाची हिंदी आहे, दोनच दिवसांत ओळख देतात आणि तिसऱ्या दिवशी सासूबाईंना बसायला स्टूल पुढे करतात. हे एका रात्रीत होत नाही, म्हणून चार रात्री म्हणतेय.

हिरवंगार म्हणालात त्याबद्दल थोडं सांगते, कारण लक्षद्वीपचा प्रश्न त्यातच सुटतो. अंदमान म्हणजे म्यानमारच्या आराकान पर्वताची जी रांग समुद्रात बुडाली तिचे वर राहिलेले माथे. म्हणून इथे डोंगर आहेत, माती आहे, ओढे आहेत, आणि पाऊस वर्षाला ३००० मिलीमीटरच्या आसपास, म्हणजे इंदूरच्या तिप्पट. पडौक, गर्जन यांची उंच जंगलं अगदी वाळूपर्यंत उतरतात, राधानगरला किंवा नीलच्या काही भागात झाडाखाली उभं राहिलं तर पाय वाळूत आणि डोकं जंगलात असं असतं. लक्षद्वीप वेगळं आहे, ती प्रवाळाची बेटं, सपाट, जमीन सगळी मिळून ३२ चौरस किलोमीटर, झाड म्हणजे मुख्यतः नारळ. तिथलं लगूनचं पाणी मात्र अंदमानपेक्षा शांत आणि निळं, एखाद्या मोठ्या तळ्यासारखं, ज्यांना फक्त पाणी हवंय त्यांनी जरूर जावं. पण परमिट काढावं लागतं, विमान कोचीहून अगत्तीला, राहायची सोय मोजकी, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला लहान बोटीत चढ-उतार करायला लावणं मला पटत नाही. मॉरिशस चांगलंच आहे पण ते देश म्हणून फिरायचं, गाडी घेऊन, एका आठवड्यात पासपोर्ट-फॉरेक्स-लांबचं विमान हे सगळं करून शांतता शोधायची तर निम्मा जीव प्रवासात जाईल. अंदमानला आपल्याला पोर्ट ब्लेअर, नील, हॅवलॉकसाठी काही परमिट लागत नाही, आधार कार्ड मात्र प्रत्येकाचं हातात ठेवा, बॅगेत खाली नको, दर बोटीला दाखवावं लागतं.

आता मुख्य मुद्दा, तारखा. लोक तारखा विमानाच्या भाड्यावर ठरवतात, मी आधी कालनिर्णय उघडते. नीलचा समुद्र उथळ आहे आणि काठाला प्रवाळाचे खडक, त्यामुळे भरतीला जिथे छातीएवढं पाणी तिथेच ओहोटीला नुसते खडक आणि डबकी उरतात. आपण माळव्यातली माणसं, समुद्राची सवय नाही, आपल्याला वाटतं समुद्र म्हणजे कायम तिथेच असणार. मग दुपारी टॉवेल घेऊन लक्ष्मणपूरला पोचतात तर पाणी लांब गेलेलं आणि पायाखाली टोकदार दगड, आणि मग म्हणतात नील काही खास नाही. दिवसातून साधारण दोन भरत्या, दोन ओहोट्या, मध्ये सहा-सव्वासहा तास, आणि वेळ रोज पाऊणेक तास पुढे सरकते. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी दीड-दोन मीटर वर-खाली होतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा फरक बराच कमी, पाणी फार आतही जात नाही आणि फार वरही येत नाही. हे दोन्ही तिथीनंतर एक-दोन दिवसांनी जास्त ठळक दिसतं.

म्हणजे तुम्हाला रोज निवांत डुंबायचं असेल तर चार रात्री अष्टमी-नवमी-दशमीच्या भोवती टाका. आणि नॅचरल ब्रिज, खडकातली डबकी, त्यातले जीव हे बघायचं असेल तर पौर्णिमा किंवा अमावस्या. अमावस्येचा अजून एक फायदा, अंधारात काठावर बसून पाण्यात हात फिरवला की निळसर चमक उठते, पाण्यातले सूक्ष्म जीव हलवले की उजेड देतात, हॅवलॉकला त्यासाठी रात्री कयाकिंगसुद्धा करतात, आणि नीलला आकाश तर असं दिसतं की इंदूरला बायपासच्या बाहेर जाऊनही तसं दिसत नाही. तुमच्यासाठी मी अष्टमीच सुचवेन, कारण ब्रिजचा रस्ता सासूबाईंना झेपणार नाही. कोकणात कुणी नातेवाईक असतील तर ते तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतील, तो हिशोब तिकडच्या किनाऱ्याचा, अंदमानला लावू नका. हॉटेलवाल्याला रोज रात्री विचारा, उद्या पाणी किती वाजता भरेल, तो बरोबर सांगतो.

ब्रिजचं थोडं अजून. लक्ष्मणपूर दोन नंबरला आहे, लोक हावडा ब्रिज म्हणतात, समुद्रानी खडक खालून खाऊन कमान केलीय. ओहोटी चांगली लागल्याशिवाय जाऊ नका. पायऱ्या उतरून मग खडकाळ शेवाळी काठावरनं चालायचं, मागे पट्टा असलेली सँडल हवी, चप्पल नाही. तुम्ही दोघं जाऊन या, तिथे एखादा गावातला गाईड घ्या, पैसे वसूल होतात, कारण आपल्याला जे नुसतं डबकं दिसतं त्यात तो काडीनी दाखवतो, हा समुद्रकाकडी, काळी, हातभर लांब, हलतच नाही, हे दगडाखालून बाहेर आलेले पाच बारीक हात म्हणजे एक तारामासा, हा शिंपला जांभळ्या ओठांचा, सावली पडली की मिटतो. सावली पाडून बघा, खरंच मिटतो. दहा मिनिटं एकाच डबक्यापाशी उकिडवं बसा, घोळका पुढे निघून जाईल, जाऊ द्या. हात मात्र लावायचा नाही आणि प्रवाळावर पाय ठेवायचा नाही. २०१० च्या उन्हाळ्यात समुद्र तापून इथलं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडून मेलं, जे सावरतंय ते आपल्या टाचेखाली मोडावं हे बघवत नाही. शंख, प्रवाळाचे तुकडे काही उचलू नका, प्रवाळ आणि कित्येक शंख १९७२ च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहेत आणि परत येताना एअरपोर्टवर बॅग स्कॅन होते, लहान मुलांच्या खिशातनं निघालेले तुकडेही काढून घेतात.

महिना म्हणाल तर फेब्रुवारी किंवा मार्चचा पूर्वार्ध, समुद्र शांत, पाणी नितळ, उकाडा अजून सहन होण्यासारखा. दिवाळीची आणि नाताळची सुट्टी टाळा, तेव्हा बंगालपासून गुजरातपर्यंत सगळे तिथेच असतात. मे ते नोव्हेंबर पाऊस, एक मान्सून संपत नाही तर दुसऱ्याच्या सरी सुरू. नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वादळं होतात, डिसेंबर २०१६ मध्ये हॅवलॉक आणि नीलवर पर्यटक अडकून पडले होते, नौदल आणि तटरक्षक दलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढलं. घाबरवायला नाही सांगत, पण म्हणूनच परतीच्या विमानाच्या दिवशी सकाळी नीलहून बोट धरायची असं प्लॅनिंग कुणी देत असेल तर त्याला नाही म्हणा. बोट हवामानामुळे रद्द झाली की विमान गेलं.

बोटीचं तिकीट विमानाच्या पाठोपाठ लगेच काढा, हॉटेलच्याही आधी. खासगी बोटी एसी, बंद काचांच्या, जलद, तुमच्यासाठी त्याच बऱ्या. सरकारी बोट खूप स्वस्त, डेकवर उभं राहून वारा खात जाता येतं, मला स्वतःला तीच आवडते, पण त्यात बेटावरच्या रहिवाशांना आधी जागा देतात आणि तसंच पाहिजे, त्यांची ती रोजची बस आहे. बोट लागण्याचा त्रास असेल तर खालच्या मजल्यावर मधली किंवा मागची सीट मागा, पुढची नको, पोट अगदी रिकामं ठेवू नका आणि अगदी भरूही नका, उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून बोटीच्या तासभर आधी. सासूबाईंच्या बाकीच्या गोळ्या चालू असतील तर हे विचारणं विसरू नका.

नीलची जेट्टी लांबलचक आहे, उतरल्यावर उन्हात बरंच चालावं लागतं. हॉटेलवाल्याला आधी फोन करून ठेवा की सोबत ज्येष्ठ बाई आहेत, सामान उचलायला माणूस पाठवा. चालता चालता जेट्टीच्या खाली मात्र बघा, पाणी इतकं नितळ की वरनं निळे-पिवळे मासे मोजता येतात. खोली तळमजल्यावर घ्या आणि बाथरूममध्ये कमोड, आधाराची कडी, गरम पाणी हे तीन प्रश्न फोनवरच विचारा, फोटोवर जाऊ नका. बीचला लागून असलेली झोपडीवजा खोली दिसते छान, पण तिला पायऱ्या किती आणि रात्री लाइट गेली तर जनरेटर आहे का हे महत्त्वाचं. सासूबाईंसाठी भरतपूरला काचेच्या तळाची बोट आहे, बसल्या जागी प्रवाळ दिसतं, आणि संध्याकाळी लक्ष्मणपूर एक नंबर, रस्त्यापासून थोडंच चालणं, सपाट पांढरी वाळू, घडीची खुर्ची हॉटेलातनं मागून न्या. सूर्य पाण्यातच बुडतो तिथे.

जेवणाची काळजी करताय ती नका करू. भाज्या ताज्या, वरण-भात-पोळी-भाजी सगळीकडे मिळते, फक्त बंगाली हाताची, किंचित गोडसर आणि मोहरीचा वास. मासे त्याच स्वयंपाकघरात होतात, ज्यांना चालत नाही त्यांनी शुद्ध शाकाहारी जागा आधी विचारून ठेवाव्यात, आहेत. आपल्या तिखटाची आठवण आलीच तर घरून सेव-परमल, मेथीचे ठेपले आणि एक लोणच्याची बाटली न्या, दुपारी चारला ओसरीत बसून खायला तेवढं पुरतं. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालनं केबल आली तेव्हापासून नेट खूप सुधारलंय, तरी नीलवर रेंज जाते-येते, यूपीआयच्या भरवशावर राहू नका.

तब्येतीचं म्हणाल तर नीलवर सरकारी आरोग्य केंद्र आहे, पण मोठं हॉस्पिटल पोर्ट ब्लेअरचं जी. बी. पंत. म्हणून बीपी-शुगरच्या गोळ्या ठरल्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त न्या आणि दोन वेगवेगळ्या बॅगांत ठेवा. वाळूत एक बारीक माशी असते, डोळ्यांना दिसत नाही पण चावलं की चार दिवस खाज, खाजवलं की चिघळतं. उघड्या वाळूवर नुसतं अंग टाकू नका, जाड चादर अंथरा, पायाला खोबरेल तेल चोपडा. मगरीचा बोर्ड दिसला तर तिथे पाण्यात पाय नाही घालायचा, खाऱ्या पाण्यातली मगर या बेटांवर खरंच आहे, खाडीच्या तोंडाशी आणि खारफुटीजवळ जास्त, अंधार पडल्यावर कुठेच पाण्यात उतरू नका. तुमच्या यजमानांना स्कूबा करायचं असेल तर नीलच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच करावं, पोहता आलंच पाहिजे असं नाही, पण सर्दी, कानाचं दुखणं, दमा असेल तर फॉर्ममध्ये खरं लिहावं, आणि डुबकीनंतर विमानात बसायच्या आधी पूर्ण एक दिवस मध्ये जाऊ द्यावा.

बाराटांग मी तुमच्या यादीतनं काढलंच आहे. पहाटे तीनला उठून तासन्‌तास गाडी, गाड्यांच्या ताफ्यातनं जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातला रस्ता. त्या लोकांच्या घरातनं आपण गाड्या घालून जायचं हे मला मनापासून पटत नाही, फोटो काढायला बंदी आहे तरी खिडकीला डोळे लावून बसणारे असतातच. मी कुणालाच सुचवत नाही.

शेवटच्या मुक्कामाला दुपारपर्यंत पोर्ट ब्लेअरला पोचलात की सेल्युलर जेल बघा, पहिल्या दिवशी नको, तेव्हा सगळे प्रवासानी थकलेले असतात. सात पाखांपैकी तीनच उरल्यात. सावरकर १९११ ते १९२१ इथे होते, त्यांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, पाखाच्या टोकाला. जिने चढावे लागतात, सासूबाईंना जमलं तर एकेक मजला बसत-बसत न्या, नाही जमलं तर खाली अंगणात पिंपळापाशी बसवा आणि तुम्ही आळीपाळीनं वर जाऊन या. संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो तिथेच बसून बघता येतो, हिंदी शोचं तिकीट आधी काढून ठेवा, आणि ओडोमॉस लावून जा.